गर्दी जमेपर्यंत

तांब्या भरलेला होता. पितळेचा, चिंचेनं घासलेला, वर उपडं घातलेलं फुलपात्र. स्टेजवरच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर ठेवलेला. मी दुपारपासून गात होते. घशाला कोरड पडली होती. पाहुणे अजून यायचे होते. ते नेहमीच यायचे असत.

गाणं संपलं. माझ्या मागे आबा, माझे वडील, ढोलकीची दोरी आवळत बसले होते. मी टेबलापाशी गेले, फुलपात्रात पाणी घेतलं, मान मागे टाकली आणि वरून प्याले. ओठ लावला नाही. आमच्या घरात तशीच सवय. फुलपात्र परत तांब्यावर उपडं ठेवलं.

खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. वहिनी म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नी. वकीलसाहेब पाणी समितीचे अध्यक्ष आणि वहिनी तिच्या महिला आघाडीच्या प्रमुख. मला 'माझी लेकच आहे ही' म्हणायच्या. त्यांनी एका कार्यकर्त्याला बोटानं जवळ बोलावलं आणि हसऱ्या तोंडानं सांगितलं,

"अहो, पाणी ऊन झालंय. तेवढं बदलून आणा."

पाणी ऊन झालं नव्हतं. मी आत्ताच प्याले होते. गार होतं. वाळा घातलेल्या माठातलं.

कार्यकर्त्यानं तांब्या उचलला. स्टेजच्या कडेला गेला. आणि ओतून दिला. अख्खा तांब्या. जमिनीवर. त्या जमिनीनं कित्येक महिन्यांत पाणी पाहिलं नव्हतं, तिथं चिखलसुद्धा झाला नाही. खाली पहिल्या रांगेत आमच्या वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. धार पडली ती गया मावशीच्या पायाजवळ. मावशीनं हात पुढे केला. पाणी झेलायला. मग लोक बघतायत हे ध्यानात आलं आणि तिनं हात पदराखाली घेतला.

स्टेजच्या मागे कापडी फलक होता. 'पाणी आमच्या हक्काचं.'

मी माइकजवळ उभी होते. मला कळलं होतं. स्टेजवर बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. कुणी घड्याळात बघितलं, कुणी हार मोजायला लागलं, कुणी उगाच खोकलं. माझ्या तोंडाचा स्पर्श झाला नव्हता. हाताचा झाला होता. तेवढा पुरला.

तितक्यात जीप आली. वकीलसाहेबांनी मला तळहात दाखवला. बास, अशी खूण. कार्यकर्ता माझ्या कानाशी म्हणाला, "मान्यवर आले. आता आवरा."

आम्ही आवरलं. आबांनी ढोलकी खांद्याला लावली आणि आम्ही मागच्या शिडीनं उतरलो. पुढच्या पायऱ्या मान्यवरांसाठी होत्या. नवा तांब्या आला. पाहुण्यांनी त्यातलं पाणी घेतलं आणि भाषण सुरू झालं. पहिलंच वाक्य होतं, "पाण्याला जात नसते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बायांनीही वाजवल्या.

*

आम्ही म्हणजे लातूरच्या रुळापलीकडची बौद्ध वस्ती. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, देव पोत्यात भरून नदीत सोडले. आबा दिवसा गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे आणि हमाली संपली की ढोलकी. आमची गायन पार्टी होती. जयंतीला गायचो, बारशाला गायचो, कुणी वारलं तरी गायचो. मी दहावी होऊन घरी बसलेली. माझा आवाज लहानपणापासून मोठा. आई म्हणायची, ही रडली तर रेल्वेवाला शिट्टी वाजवायचं सोडून द्यायचा.

लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. कलेक्टर कचेरी आली, साहेबलोक आले, पाट्यांवरचा रंग अजून ओला होता. आता कागदासाठी उस्मानाबादच्या एसटीत उभं राहायला नको, म्हणून गावात पेढे वाटले गेले. आमच्या वस्तीतही वाटले. पण पाऊस काही जिल्हा बघून पडत नाही. तो लागोपाठ रुसला. नळाला नुसती फुसफुस यायची. आमच्या वस्तीचा एकच आड, त्यात बादली सोडली की दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, हे आम्ही म्हण म्हणून नाही, रोज सकाळी कानानं ऐकत होतो.

अशात पाणी समिती निघाली. वकीलसाहेब आमच्या विहारात आले. चप्पल बाहेर काढून सतरंजीवर बसले. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. म्हणाले, "तहान सगळ्यांना सारखीच लागते. आपण एक झालो तर सरकार झुकेल." आमच्यातले म्हातारे डोळे पुसत होते. पेठेतला इतका मोठा माणूस सतरंजीवर बसला, एवढ्यानंच अर्धी वस्ती जिंकली गेली. आणि त्यांनी शब्द दिला. मोर्चा मोठा झाला की पहिला बोअर तुमच्या वस्तीत. तोवर समितीच्या सांगण्यावरून आम्हाला टँकर येईल. टँकर खरंच यायला लागला. कधी अर्धा, कधी पाव. पण यायचा.

बदल्यात आम्ही काय द्यायचं? गर्दी. आणि गाणं.

आमच्याकडची रीत अशी, की सभा असली की आधी गायन पार्टी बसवायची. नुसत्या माइकवरून 'हॅलो हॅलो' केलं तर कुत्रंही थांबत नाही. गाणं सुरू झालं की गंजगोलाईतले हमाल थांबतात, बाजाराला आलेले औशाकडचे, मुरुडकडचे लोक पिशव्या घेऊन थांबतात, बाया कडेवर पोर घेऊन येतात. मैदान भरलं की पुढारी येतात. पुढारी आले की गाणाऱ्यांनी खाली उतरायचं. आभार मानताना मंडपवाल्याचं नाव घेतात, कर्णेवाल्याचं घेतात. आमचं राहून जातं.

आबांनी समितीसाठी गाणं जुळवलं होतं. त्यातल्या दोन ओळी लोकांच्या तोंडी बसल्या होत्या.

नळाला न्हाई पाणी, डोळ्याला मातर हाय,
जिल्हा झाला लातूर, सांगा आमचं झालं काय?

वहिनींनी ऐकून सांगितलं होतं, "दुसरी ओळ जरा बदला. कलेक्टर नवीन आहेत, त्यांना लागेल." आम्ही बदलली. तेव्हा मला वाटलं, असेल बाई, मोठ्या माणसांना मोठं कळतं.

*

आम्ही सभेहून घरी निघालो. रूळ ओलांडताना त्यांनी मला हात दिला, नेहमीसारखा. घरात शिरल्यावर आईनं विचारलं, "काय झालं व? तोंडं काहून उतरवून बसले दोघं?" आई नांदेडकडची, कंधारच्या बाजूची. तिचा 'काहून' लातुरात येऊनही गेला नव्हता.

आबा म्हणाले, "काय न्हाई. स्टेजवरचं पाणी ऊन झालं हुतं म्हनं. बदललं."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आबा, तुमी बघितलंय. मी पेले म्हनून वतून दिलं. आपल्या बायांच्या म्होरं वतलं."

"हळू बोल."

"काहून हळू बोलू?" आईचाच शब्द माझ्या तोंडून आला.

आबांनी ढोलकी खुंटीला अडकवली. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तुला मान पायजे का वस्तीला बोअर पायजे? एक काय ते सांग. दोन्ही मिळायचं न्हाई."

मला आबांचा राग आला. त्याहून जास्त राग आला तो त्यांच्या प्रश्नाचा. कारण प्रश्न खरा होता. आई चुलीपुढे बसून पीठ मळत होती. पीठ मळायचं पाणी तिनं वाटीनं मोजून घेतलं होतं. मी त्या वाटीकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी बोलावणं पाठवलं. मोठा मोर्चा ठरला होता. मैदानात सभा आणि तिथून थेट कलेक्टर कचेरी. मी गेले. त्यांच्या ओसरीत खुर्च्या होत्या. मला कुणी 'बसू नको' म्हणालं नाही. वहिनी स्वतः पायरीजवळ आल्या आणि माझ्याशी तिथंच उभ्यानं बोलायला लागल्या. त्यामुळं मी पायरीवरच राहिले. असं शिकलेलं काम असतं या लोकांचं. ओरखडा निघत नाही आणि रक्त येतं.

"तू परवाचं मनाला लावून घेऊ नकोस हं," त्या म्हणाल्या. "मी काही मानत नाही. पण स्टेजवर चार गावची जुनी माणसं होती. त्यांना दुखवून कसं चालेल? कार्य मोठं आहे."

त्या पुढं सांगू लागल्या. मोर्चात आमच्या वस्तीतल्या बाया सगळ्यात पुढं. डोक्यावर मातीचे माठ. गेटसमोर माठ फोडायचे. पेठेतल्या बाया त्यांच्या मागं, त्यांच्याकडं पितळी घागरी असतील.

"आमीच का पुढं?" मी विचारलं.

"अगं, पोलीस बायकांवर हात उचलत नाहीत."

मी विचारलं, "मंग तुमी पुढं या की."

वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. मी तेवढ्यात मनात होतं ते बोलून टाकलं. म्हणाले, "मला सभेत बोलायचं हाय. पाच मिन्टं. वस्तीच्या पाण्याचं."

"बोलायला वक्ते आहेत ना," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज गाण्याचा आहे, बाळ. तो भाषणात कशाला घालवतेस?"

*

विहारात वस्तीची बैठक बसली. दिवस मावळायला आला होता. मी उभी राहिले आणि तांब्याचं सगळं सांगितलं. पायरीचंही सांगितलं. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्या बायाही खाली बघत होत्या. पाहिलेलं कुणी मोठ्यानं सांगितलं की ते परत घडतं.

गंजात आबांबरोबर काम करणारे एक काका म्हणाले, "एक तांब्या पानी वतलं म्हनून काय आभाळ कोसळलं? आपल्या बापजाद्यांनी काय काय गिळलं."

गया मावशी म्हणाली, "म्हनूनच सांगायलीय पोरगी. किती गिळायचं?"

"आन् टँकर बंद पडला तर?"

मग वाद पेटला. कुणी म्हणे बोअर पडेपर्यंत गोड बोला, मग बघू. कुणी म्हणे पडणार असेल तर विहारापुढं पाडा, कुणी म्हणे आमच्या गल्लीत. बाजारात तुरी, तशातली गत. बोअरचा पत्ता नव्हता आणि त्याच्या जागेवरून दोन भाऊ एकमेकांवर धावून गेले. सरूबाई म्हणून आमच्या शेजारची बाई होती, तिच्या घरात सात तोंडं. ती मला म्हणाली, "तू गाणं म्हन गं बाई. तुझ्या पाया पडते. माझी सासू अंथरुणाला खिळलीय, तिला धुवायला पानी न्हाई."

ती खरंच वाकली. मी तिला धरलं. त्या क्षणी कुणी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी म्हाताऱ्यांनी ठरवलं. मोर्चाला सगळ्यांनी जायचं, कारण पाणी सगळ्यांना पाहिजे. गायचं की नाही ते पोरीनं ठरवावं. म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर आलं. आबा सगळा वेळ दाराशी बसून होते.

*

मोर्चाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मैदानात तेच स्टेज, तीच चादर, तोच फलक. कर्णेवाला तार जोडत होता. कार्यकर्ते माठ वाटत होते. वहिनी पितळी घागर घेऊन सावलीत उभ्या होत्या. लोक तुरळक होते, गंजातले काही, भाजीवाल्या काही. सगळे स्टेजकडे बघून गाणं कधी सुरू होतंय याची वाट बघत होते.

मी आणि आबा चढलो. आबांनी मांडीवर ढोलकी घेतली. थाप मारली. पहिल्या थापेबरोबर लोक सरकायला लागले. मी माइक हातात घेतला. वहिनी माझ्याकडे बघून मान डोलवत होत्या, सुरू कर म्हणून.

मी गायले. खोटं कशाला सांगू, गायले. गाणं नाही म्हटलं तर लोक येणार नाहीत आणि लोक आले नाहीत तर सांगणार कुणाला? मी दुसरी ओळ मूळची होती तशी म्हटली. 'सांगा आमचं झालं काय?' लोक हसले, टाळ्या पडल्या, मैदान भरत गेलं. जीपचा हॉर्न ऐकू आला. वकीलसाहेबांनी तळहात वर केला. बास.

मी थांबले. पण माइक सोडला नाही.

"मागच्या सभेला," मी म्हणाले, "ह्या टेबलावरचं पानी मी पेले. म्हनून भरलेला तांब्या जमिनीवर वतून दिला. आमच्या बाया रिकाम्या घागरी घिऊन खाली बसल्या होत्या. त्यांच्या म्होरं वतला."

कुणीतरी हसलं आणि थांबलं.

"आमच्या वस्तीला पानी पायजे. पन आदी हे सांगायचं होतं."

वकीलसाहेब पायऱ्या चढत आले. कर्णेवाल्याकडे बघून ओरडले, "बंद कर!" माइक मेला. कर्णा गप्प. त्यांना वाटलं, संपलं. पण मला कर्ण्याची गरज कधी होती? ज्या आवाजानं मी त्यांची गर्दी जमवत होते, तोच आवाज काढला. गंजगोलाईच्या टोकापर्यंत गेला असेल.

"आमी पुढं माठ फोडायचे आन् तुमी मागनं घागरी मिरवायच्या, हे चालणार न्हाई! आमच्या घरात फोडायला जास्तीचे माठ न्हाईत!"

मागून कुणीतरी म्हणालं, "माजल्या." दुसरा म्हणाला, "बोलू द्या की तिला." गोंधळ सुरू झाला. वकीलसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. सभेत मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या डोक्यावरून आबांना म्हणाले, "समजवा तुमच्या पोरीला. बोअर हवाय ना तुम्हाला?"

आबा उठले. मला वाटलं, आता माझा हात धरून खाली नेतील. त्यांनी ढोलकी खांद्याला लावली.

"तिला समजतंय, सायेब," आबा म्हणाले. "म्हनून तर बोलायलीय."

आणि आबा पुढच्या पायऱ्यांनी खाली उतरले. मान्यवर चढत होते त्यांच्यातून वाट काढत. मी त्यांच्या मागे. खाली उतरल्यावर मला रडू फुटलं. भीतीनं नाही. आबांमुळं.

आमच्यातल्या काही बाया उठून आमच्याबरोबर आल्या. सगळ्या नाही. सरूबाई माठ घेऊन तिथंच बसून राहिली. आम्ही थोड्याच जणी चालत कलेक्टर कचेरीपुढं गेलो आणि गेटजवळ बसलो. मागून समितीचा मोर्चा आला. त्यांना आत बोलावलं, चहा दिला, निवेदन घेतलं. आम्हाला शिपायानं विचारलं, "तुम्ही कोणत्या संघटनेच्या?" आम्ही म्हणालो, रुळापलीकडच्या. तो म्हणाला, "अशी संघटना आमच्याकडं नाही." आणि गेट लावून घेतलं.

*

दोन दिवसांनी टँकर आला नाही. मग आलाच नाही.

पहिला बोअर पेठेत पडला. पाणी लागल्यावर फटाके वाजवले, ते आम्हाला रुळापलीकडं ऐकू आले. आबांना गंजात आडत्यानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको, माणसं जास्त झालीत. आम्ही बाया उजाडताच निघायचो, औशाच्या रस्त्याला एका मळ्यात विहीर होती, मालक भला होता, त्याच्याकडून पाणी आणायचो. डोक्यावर घागर, कडेवर घागर. मानेच्या शिरा दुखून यायच्या. वाटेत माझ्याशी कुणी बोलत नसे. एके दिवशी सरूबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या जिभेनं आमचा घसा वाळवला."

मी घागर घेऊन चालत राहिले. तिची सासू त्याच आठवड्यात वारली. आजारानं वारली, पण अंघोळ घालायला पाणी चार घरांतून मागून आणावं लागलं. एका घागरीतलं मी दिलं. सरूबाईनं घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसांत मला माझ्या बोलण्याचा पस्तावा झाला का? झाला. सकाळी व्हायचा, दुपारी जायचा. आई मात्र एकदाही काही बोलली नाही. मी एकदा तिला विचारलं, माझं चुकलं का? ती म्हणाली, "तू बोलून राहिली तवा मला लई भ्या वाटलं. पण चुकलं असं न्हाई वाटलं." एवढंच.

उन्हाळा टळटळीत झाला. आणि समितीचा कार्यकर्ता आमच्या दारात आला. तोच, ज्यानं पाणी ओतलं होतं. बाया विहिरीवरून नुकत्याच आल्या होत्या, दारादारांत घागरी टेकवून दम घेत होत्या. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"वकीलसाहेबांनी सांगितलंय, झालं गेलं विसरू. पुढच्या सोमवारी मैदानात सभा आहे. मंत्री येणार आहेत. तुझ्याशिवाय गर्दी होत नाही, खरं सांगायचं तर. गेल्या खेपेला दुसरी पार्टी आणली, निम्मं मैदान रिकामं. तू एकदा गा. बोअरचं मशीन त्याच आठवड्यात वस्तीत येईल. माफीबिफी काही नको."

माफी नको. मला माफीच मागायला सांगितली असती तर सोपं गेलं असतं. फाटकन नाही म्हणता आलं असतं. हे तर नुसतं गाणं होतं. मी रोजच गाते. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला सरूबाईची सासू आठवली, मागून आणलेल्या पाण्यानं घातलेली तिची अंघोळ आठवली. खरं सांगते, माझ्या तोंडात 'येते' हा शब्द आला होता.

तेव्हा सरूबाई पुढं आली. घागर तिच्या कडेवरच होती. तिनं त्या कार्यकर्त्याला विचारलं, "गाणं म्हटल्यावर हिला बोलू देणार का?"

तो हसला. "बोलायचं कशाला, मावशी? बोलायला माणसं हायेत की."

"माणसं हायेत," सरूबाई म्हणाली. "मंग आमी कोन?"

तो माझ्याकडे वळला. "तू बोल. तुझं काय?"

"सोमवारी येते," मी म्हणाले. "मैदानात न्हाई. कचेरीच्या गेटवर. बोअर सरकारचा हाय. वकीलसायबाच्या घरचा न्हाई. त्यो आमी तिथं मागतो. गाणंबी तिथंच म्हनते, आन् म्हटल्यावर बोलतेबी. कुनाला ऐकायचं आसंल त्यानं तिकडं यावं."

"वस्ती तहानेनं मरंल," तो म्हणाला.

"मेली तर तुमच्या सभेत न्हाई मरणार," सरूबाई म्हणाली आणि कडेवरची घागर घेऊन घरात गेली.

त्या सोमवारी आम्ही गेटवर बसलो. मैदानापेक्षा कमी लोक होते. पुढच्या सोमवारीही बसलो. पोलिसांनी एकदा उचलून नेलं, घागरी जप्त केल्या. आम्ही पत्र्याचे डबे घेऊन परत बसलो. मुरुडहून, जळकोटच्या बाजूच्या गावांतून आमच्यासारख्याच वस्त्यांतल्या बाया यायला लागल्या, त्यांनाही बोलायचं होतं. मी आधी गाणं म्हणायची, मग प्रत्येकीला उभं करायची. कुणाला दोन वाक्यं यायची, कुणाला नुसतं रडू. पण खाली कुणाला उतरवलं नाही. त्या उन्हाळ्यात आम्हाला बोअर मिळाला नाही. टँकरही नाही. मळ्यातली विहीर आटली, मग आम्ही आणखी पुढं गेलो.

आता केस पांढरे झाले. आवाज तसाच आहे. अजून कुठं सभा असली की कुणीतरी दारात येतं. हात जोडतं, ताई म्हणतं, गाडी पाठवतो म्हणतं. "लोक जमेपर्यंत दोन गाणी म्हणा." मी विचारते, लोक जमल्यावर काय? तो गोंधळतो. मग मी त्याला बसवते, पाणी देते आणि माझी अट सांगते. गर्दी मी जमवीन. जमलेल्या गर्दीपुढं पहिलं भाषण माझं होईल, माझ्या लोकांचं होईल. पटत नसेल तर दुसरा गाणारा बघा. आणि स्टेजवर चढल्यावर मला तळहात दाखवू नका. मला खाली उतरवायचं असेल तर हाताला धरून ओढावं लागेल, सगळ्या मैदानाच्या देखत.